कडाव नाक्यावरच्या भिंतीची व्यवस्था

मी, वाल्मिक कोंडाजी ठोंबरे, वय चौपन्न, धंदा पाट्या रंगवणे, राहणार कडाव, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गावातल्या बऱ्याच जणांविषयी मला तसे लिहून देता येणार नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही; आणणाऱ्यांनी आणून पाहिले आहे.

१. राहते घर, बँकेतली ठेव आणि घरातल्या सर्व चीजवस्तू माझी पत्नी मैना हिला.

२. धाकटा भाऊ सहदेव याला काही नाही. कारण खाली येईलच.

३. कपाटातले शोधनिबंधांचे कागद गावच्या वाचनालयाला. मी नववी नापास. डिक्शनरी उशाशी घेऊन हे वाचायला शिकलो. ज्याच्या शेतातला चिखल तपासायला बाटलीत भरून नेला, त्यालाच निष्कर्ष कळू नये, अशी काळजी घेऊन लिहिलेले हे कागद आहेत. एकदा एक साहेब गावाला विज्ञान समजवायला आले. पडद्यावर तक्ते दाखवले. ‘उपाययोजना अवलंबिण्यात याव्यात,’ म्हणाले. माझा शेजारी नागू उठला. “सायेब, पायाला चिरा पडल्यात. उद्या शेतात उतरू का नको?” साहेब म्हणाले, “अधिक संशोधनाची आवश्यकता आहे.” टाळ्या पडल्या. चहा आला होता.

४. आता दुकानाची नाक्याकडची भिंत. दुकान माझ्या कमाईचे आहे, वडिलोपार्जित नाही, हे सहदेवने दोनदा वाचावे. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचा धंदा बसला. लोक आता स्वतःचे तोंड छापून घेतात. भिंत रिकामी राहिली, म्हणून मी तिच्यावर त्या कागदांतले माणसांच्या भाषेत लिहू लागलो. गेल्या वर्षी भातातले तण काढायच्या, म्हणजे बेणणीच्या, आधी लिहिले होते:

‘उंदराच्या मुतातून ताप येतो. मूत चिखलात मिसळते आणि पायाच्या चिरेतून अंगात जाते. शेतात बूट घालून उतरा. ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि चिखलात काम केल्याचे सांगा.’

सहदेव उत्सव मंडळाचा अध्यक्ष. गणपतीची मिरवणूक या भिंतीवरून जाते. म्हणाला, “दादा, देवाच्या वाहनाचं मूत भिंतीवर? लाज हाय का नाय?” मी म्हटले, “उंदराला सांग, शेतात मुतू नको म्हणून. लगेच पुसतो.” मग मी खोपोलीला कामावर असताना त्याने भिंतीला चुना मारून लिहवून घेतले: ‘मूषकजन्य ज्वराबाबत नागरिकांनी दक्षता बाळगावी.’ शुद्धलेखन बरोबर होते. बाकी काही नव्हते.

मी परतलो तेव्हा नागू तापाने फणफणला होता. किराणा दुकानातल्या तापाच्या गोळ्या खात होता. मी विचारले, “भिंत वाचली नाहीस?” म्हणाला, “रोज वाचतो की रं. पन मला उंदीर कुठं चावलाय?” दवाखान्यात नेला तेव्हा उशीर झाला होता. नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यात सहदेवचा फोटो नागूच्या फोटोहून मोठा होता.

५. हीच भिंत सहदेवने शेलूच्या कोणा बिल्डरला जाहिरातीसाठी कबूल केल्याचे कानावर आले आहे. म्हणून भिंतीसह दुकान, ब्रश, रंग आणि शिडी मी सहदेवची मुलगी समिधा हिला देत आहे. ती सायन्स शिकते, त्यामुळे तिच्याकडून मला आशा नव्हती. तीही ‘प्रादुर्भाव’ म्हणते. पण नागूच्या दहाव्याला तिने शिडी लावली आणि माझा मजकूर जसाच्या तसा परत लिहिला. खालून सहदेव ओरडला, “उतर खाली! पोरीच्या जातीनं असलं लिवायचं?” ती म्हणाली, “बाबा, शिडी धरा, नायतर पडेन मी.” त्याने धरली. विज्ञानाची त्याने केलेली सेवा एवढीच.

अटी: भिंतीवर वाढदिवस नको, फ्लॅट नको. लिहिण्याआधी मजकूर शेतावर जाणाऱ्या माणसाला वाचून दाखवावा आणि उद्या काय करशील ते विचारावे. त्याला सांगता आले नाही, तर चूक त्याची नाही. शास्त्रज्ञांना नक्की माहीत नसेल, तर ‘नक्की माहीत नाही’ असेच लिहावे. आणि तिचा ‘र’ फार फुगतो, तो सुधारावा.

६. येत्या मंगळवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. वाचलो तर सहदेवशी तोंडानेच बोलेन. न वाचलो तर ‘देवाज्ञा’, ‘दुःखद निधन’ असले काही नको. समिधाने भिंतीवर लिहावे:

‘वाल्मिक पेंटर मेला. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तुंबल्या होत्या. चढ चढताना छाती भरून यायची, तरी पित्त समजून वर्षभर सोडा पीत राहिला. तुम्ही पिऊ नका. दवाखाना गाठा.’

अटीप्रमाणे हे मी मैनाला वाचून दाखवले. ती म्हणाली, “ह्ये मी वर्षभर सांगतेय. तुमाला आज कळलं व्हय?”

मजकूर कायम केला.

ठिकाण: कडाव
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: वाल्मिक कोंडाजी ठोंबरे

माझ्यासमक्ष सही करणारे साक्षीदार:
१. सखा हरी भोईर
२. सहदेव कोंडाजी ठोंबरे (सगळे वाचायला लावून मगच सही घेतली आहे)