नवरदेवाविना रिसेप्शन

मखमलाबाद, नाशिक
रविवार, दुपार

प्रिय योगेश,

फोनवर आई शेजारी असतात म्हणून ‘अहो’ म्हणते; पत्रात मात्र ‘तू’च म्हणणार आहे, चालवून घे. इकडे सगळं ठीक आहे. शेवंतीला कळ्या धरल्या आहेत. तुझे निवृत्तीकाका पहाटे फुलं घेऊन पंचवटीच्या बाजारात जातात, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न तोच, व्हिसाचं काय झालं? मी नुसती मान हलवते. आळीतल्या बायकांनी तर आता विचारणंच सोडून दिलंय. ते जास्त लागतं.

तू केलेल्या तक्रारीचं उत्तर आलंय. हे तिसरं. पहिल्या वेळी तिथल्या सरकारनं कळवलं होतं, की तुमच्या पत्नीची फाइल नेहमीच्या वेळेतच चालली आहे. मग तू तिकडच्याच, तुमच्या भागातल्या खासदार बाईंकडे गेलास. त्यांच्या ऑफिसनं लिहिलं, आम्ही चौकशी केली, फाइलवर काम सुरू आहे, आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत. ते मी आईंना मराठीत सांगितलं तेव्हा त्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्या सायबाची बायको त्याच्यापाशीच राहत असंल, त्याला कशाची घाई?” मला हसू फुटलं, आणि मग भाजी बघायच्या निमित्तानं आत जाऊन रडले.

या वेळच्या उत्तरात मात्र कारण दिलंय, आणि ते वाचून हसावं की कपाळ बडवून घ्यावं तेच कळेना. मुळापासून सांगते. आपल्या लग्नाच्या फोटोंत माणसं कमी दिसतात, शंका घेतील, असं कॉलेज रोडवरचा तो व्हिसाचा सल्लागार, रवी, मागेच म्हणाला होता. माणसं कमीच असणार. तुझे वडील जाऊन चार महिनेही झाले नव्हते. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हे त्या साहेबाला कोण समजावणार? अंगणातच मांडव घातला, ना वाजंत्री ना वरात. तशा दुःखात फोटोसाठी दात कोण काढणार? आणि तू तर प्रत्येक फोटोत माझ्यापासून हातभर लांब उभा, का तर काका बघतायत!

काकांनी हे फारच मनाला लावून घेतलं. माणसंच पाहिजेत ना, मग लय माणसं दाखवू, म्हणाले, आणि लग्नाला दीड वर्ष उलटल्यावर रिसेप्शनसाठी हॉल घेतला. सटाण्यापर्यंतची भावकी बोलावली. मला शालू नेसवून स्टेजवर बसवलं आणि शेजारच्या खुर्चीत, उशीला टेकवून, मोबाइल. त्यात तू, वर कोट आणि खाली पायजमा, झोपेतून उठून आलेला. बायकांनी मला ओवाळलं, मोबाइललाही ओवाळलं. सगळे पोटभर जेवले. खरं सांगू, मीही त्या दिवशी खूप हसले. ते फोटो रवीनं फाइलला जोडले. आता साहेब म्हणतात, समारंभात नवरदेवच हजर नाही, सबब सगळ्याची पुन्हा तपासणी होईल, आणि ती दुसऱ्या ऑफिसात. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. काका हे ऐकल्यापासून माझ्या नजरेला नजर देत नाहीत. चुकलं त्यांचं, पण माझ्यासाठी एवढं धडपडलंय तरी कोण?

आता रवीचं म्हणणं, नवराबायकोची पत्रं जोडू. मनापासून लिहा, प्रेम दिसू द्या, इंग्रजी मी करून घेतो. तेच लिहायला बसले होते, पण हे त्याला देणार नाही, तुलाच पाठवते. हे लग्न खरं आहे का, असं तो साहेब विचारतो. योगेश, हल्ली हा प्रश्न मलाही पडतो. आपण एकत्र राहिलो जेमतेम महिनाभर. तुला चहात साखर किती लागते हे परवा मी आईंना विचारलं आणि माझी मलाच लाज वाटली. सरकारकडे तू तीन तक्रारी केल्यास. कामावर मात्र रजा एकदाही मागितली नाहीस. फोनवर तू ‘थोडा धीर धर’ म्हणतोस ना, तेव्हा मला त्या ऑफिसचंच पत्र कुणी वाचून दाखवतंय असं वाटतं. मी थकले आहे रे. मला तू हवा आहेस, तो देश नको. दिवाळीला घरी ये. नाही आलास, तर मी अर्ज मागे घेणार आहे. रवी सांगत होता, त्याचं उत्तर ते लगेच देतात.

अजून तरी तुझीच,
उज्वला