कमलचं ट्रेनिंग

सोम. ८ ऑक्टो. ७३
शेजारच्या कमलला सरकारी ट्रेनिंगला घेतलं. घरगुती धंदा कसा करायचा ते आठवडाभर शिकवणार. शेंगाचटणी कुटायला तिला मी शिकवलं. नाव द्यायला मीही गेले होते. टेबलावरचा माणूस म्हणाला, "एका गल्लीतून एकच." आणि तिचा फॉर्म भरला. तिच्या मागं नवरा सायकल धरून उभा. माझ्या मागं कोण उभं राहणार?

गुरु. ११
रोज इस्त्रीचं पातळ. आज ओट्यावरून सांगत होती, "आवं अक्का, गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं ते शिकवत्यात."
म्हटलं, "मग इतके दिवस मुक्यानं विकत होतीस व्हय?"
बायका हसल्या. बरं वाटलं. हे असते तर रागावले असते माझ्यावर.

बुध. १७
स्टेशनजवळच्या दुकानानं कमलची चटणी घेतली. दर महिन्याला दहा किलो. एकटी गेली, बोलली, ठरवून आली. मी त्या दुकानावरून किती वर्षं जाते. पायरी कधी चढले नाही.
जेवण गेलं नाही.

सोम. २२
तिचा माल परत आला. कोरडा भुगा.
"ट्रेनिंगातलं सायब म्हनले, येळ वाचवायचा. म्हनून गिरनीतनं दळून आनली. लई चुकलं, अक्का."
उखळात कुटून कुटून तेल सुटलं तर ती चटणी. हे तिला ठाऊक होतं की. दहा किलो एकटीनं कुटायचे म्हणून भ्याली असणार. दुकानदार शनिवारपर्यंत थांबणार, मग दुसरीकडून घेणार.
तोंडानं 'अरेरे' म्हटलं. आत येऊन हसले. वाईट बाई आहे मी.

गुरु. २५
माझ्या चटणीचा डबा घेऊन त्याच दुकानात गेले. कमलला न सांगता. दुकानदारानं चिमूटभर तोंडात टाकली, डोळे मिटले. "वा, मावशी! भाव काय? महिन्याला किती द्याल? खराब निघाली तर परत घ्याल?"
"विचारून सांगते," म्हटलं. कुणाला विचारणार? हे जाऊन सहा वर्षं झाली. डबा तिथंच राहिला.

शुक्र. २६
सकाळी कमल स्वतःचं मुसळ घेऊन दारात. "अक्का, दोघी मिळून कुटू. दुकानात मी बोलते. नाव दोघींचं." डोळे रडून सुजलेले. नाही म्हणवलं नाही. दिवसभर कुटलं. सहा वर्षांत या घरात पहिल्यांदाच दोन मुसळं चालली.
जाताना म्हणाली, "उद्या तुमी बी चला की संगं. तुमाला बघितलं की दुकानदाराला भरवसा वाटंल."
तो मला बघताक्षणी ओळखणार. अजून हो म्हटलेलं नाही.