खिडकीखालची हळद

आषाढ शु. १२, शके १८८३

चट्! हळदीचे पान देठाशी मोडल्याचा आवाज. लहानपणीचा. नागपंचमीच्या आदल्या दिवशी धाकटी बहीण नर्मदा पातोळ्या गुंडाळून उकडायला पाने काढायची. एखादे गुंडाळलेले दिसले की तेवढे झाडावरच ठेवायची. "ह्या तुझा, दादा!" मग मी त्या सुरळीपुढे शाळेतली फुलपाखराची कविता म्हणायचो. आतला सुरवंट कधी दाद देत नसे!

आज आठवले, कारण खिडकीच्या गजांपलीकडे हातभरावर एक फुलपाखरू बसले. काळपट, मागच्या पंखावर मोठा पांढरा डाग. मिशांची टोके आकड्यासारखी. तरंगत नाही — झटके देत उडते. हळदीच्या पानावर अंडे घातले आणि पसार!

आषाढ व. १

मांडीचे हाड मोडल्यापासून ही खाट आणि ही खिडकी. वाटणीत खिडकी मला आली, खिडकीखालची हळद नर्मदेला. तेव्हापासून अबोला.

आषाढ व. ९

पान कडेने वळू लागले. सूनबाई सुगंधा म्हणते, "आबानू, ती भातावरची कीड. चिरडून टाकतंय." ओरडलो! भाताची पाती शेजारीच डुलताहेत, हा सुरवंट तिकडे ढुंकूनही पाहत नाही. याला हळद हवी. फार तर विहिरीजवळचा सोनटक्का.

पण यातून तेच निघते का, पांढऱ्या डागाचे? लहानपणी सुरळी उघडायची ती नेमकी मी शाळेत असताना. या वेळी पाहीन. पुढचा श्रावण कुणी पाहिलाय?

श्रावण शु. २

सुरळी आतून घट्ट बंद. सुरवंट बाहेर येत नाही. मीही.

परवा नर्मदा पाने काढणार. सुगंधेला म्हटले, तिला सांग, एवढे पान ठेव.

"तुमीच सांगा! हयसून हाक मारल्यार आयकाक येतला."

खरे आहे, खिडकीतून तिला ऐकू जाईल. पण जीभ रेटत नाही.

श्रावण शु. ४

चट्! चट्! तोच आवाज — आणि तेच हात. डोळे मिटून सुगंधेला खिडकी लावायला सांगितली.

नागपंचमी

आज कुणी चिरत नाही, कुणी जमीन खणत नाही. पातोळ्यांचा वास बंद खिडकीतूनही येतो.

आत्ता दार ढकलले गेले. सुगंधा असेल म्हणून मान वळवली नाही. वळवली तर — नर्मदा! हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. आजच्या दिवशी खणले हिने! फुटक्या मडक्यात हळदीचा अख्खा गड्डा, पान सुरळीसकट.

"खिडकी कित्याक लावलंस रे, दादा? तुझा पाखरू भायर येता आसा!"