ब्याण्णवावं घर

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

माले, ता. मुळशी
४ डिसेंबर २०२५

चि. दुर्वास यास,
हेमाताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे इकडे बरे आहोत. तू आणि आमची भावजय जैनी बरे आहात असं तुमचं पत्र येईपर्यंत धरून चालते.

आज मार्गशीर्षातला गुरुवार आणि दत्तजयंती एकाच दिवशी. उपासाच्या दिवशी रागवायचं नाही असं ठरवून लिहायला बसले, पण तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि ठरवलेलं तिथंच राहिलं. तेरा वर्षं बंदूक घेऊन जंगलात फिरलास. दर निवडणुकीला झाडांवर बहिष्काराची पत्रकं डकवलीस, आपल्या आईला एकदाही मत देऊ दिलं नाहीस. चार वर्षांमागे शरण आलास आणि आता येनटोल्याचा सरपंच व्हायला निघालास. याचं मला वाईट वाटत नाही. भाषणानं माणूस कंटाळतो, मरत नाही. पण अजून अर्ज भरायचे आहेत आणि तू लिहितोस की गाव मला बिनविरोध निवडणार. हे कोणी ठरवलं?

इकडची आणखी एक गंमत ऐक. आमच्या घरमालकीण रत्नाबाईंना मी इतकी वर्षं सांगत आले की भाऊ बाहेरगावी नोकरीला आहे. तुझ्या भाचीनं, किमयानं, तुझं पोस्टर त्यांना मोबाईलवर दाखवलं. त्या म्हणाल्या, ह्यो तर जंगलातला हाय की वो, पेपरात फोटू आलेला. मग बिनविरोधचं ऐकून हसल्या. त्यांचे मालक हैबतराव एकदा दूध सोसायटीवर असेच बिनविरोध गेले होते. रत्नाबाई म्हणतात, आमच्या ह्यास्नी अजून कळलं न्हाई, लोक मानत्यात का नुसती गप बसत्यात.

तेव्हा मला गावातल्या घरांची यादी पाठव. कोणत्या घरी गेलास, कोण काय म्हणालं, सगळं समोर लिही. आणि 'जनता म्हणते' असं लिहू नकोस. जनतेला तोंड नसतं, नावं असतात.

जैनीला आशीर्वाद. माया आहे म्हणून बोलते, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
हेमाताई

•

येनटोला, जि. गडचिरोली
११ डिसेंबर

ती. हेमाताईस,
दुर्वासचा साष्टांग नमस्कार. पत्र पावलं. आईच्या हातचा मार खाल्ल्यासारखं वाटलं, म्हणजे बरं वाटलं.

बिनविरोधचं मी ठरवलं नाही. देवळाच्या मांडवात सगळं गाव बसलं होतं. सगळ्यांनी हात वर केले. बिनविरोध झालं तर गावाला जास्तीचा निधी मिळेल असं ऐकतो. त्यात नाल्यावरचा पूल होईल. दोन दुकानदारांची पोरं उभी राहणार होती, त्यांनी आपणहून नाही म्हटलं. मी कोणाला एक शब्द बोललो नाही. शब्दावर विश्वास ठेव.

यादी सोबत जोडली आहे. तुला हिशेबाची सवय आहे हे माहीत असल्यानं नीट रेघा मारून केली आहे. सगळ्या घरी गेलो, सगळीकडं चहा झाला, पोट बिघडलं.

जैनी विचारते की तुझ्या घरमालकिणीला मी कोणत्या खात्यात नोकरीला होतो असं सांगितलं होतंस? तेरा वर्षं बिनपगारी खातं कोणतं? सात जानेवारीला अर्ज माघारीचा दिवस आहे, दुपारी तीनला मी सरपंच होईन. भाऊजींना आणि मुलांना घेऊन ये. किमयाला हार घालू दे.

मोठ्यांची माया अशीच राहो.

तुझा,
दुर्वास

•

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

माले
१७ डिसेंबर

चि. दुर्वास यास आशीर्वाद.

तुझी यादी दोनदा मोजली, मग तुझ्या भाऊजींना मोजायला लावली. ते कंपनीतून थकून आले होते, कुरकुरले, पण मोजली. मागाहून बांधलेली घरं मी बाजूला काढली. जुनी घरं एक्याण्णव भरतात.

माझ्या लग्नाच्या अक्षता तू आणि बाबा घरोघर द्यायला गेला होतात. पुड्या मी बांधल्या होत्या. ब्याण्णव. एकही परत आली नव्हती. तेव्हा मला फसवू नकोस. मोहाच्या झाडापाशी जे घर आहे, पोलीस पाटील बळीरामदादाचं, ते तुझ्या कागदावर नाही. दादा नाही, हे मला माहीत आहे. बारा साली पावसाळ्यात नक्षल्यांच्या दलमनं त्याला खबरी ठरवून घराबाहेर ओढला आणि मारला, ते मी इथं पेपरात वाचलं. दहावीच्या परीक्षेला मला रोज सायकलवर नेणारा माणूस होता तो. पण त्याची बायको वच्छलावहिनी आहे ना? तिच्या घरी तुझा चहा का झाला नाही?

तेरा वर्षं मी तुला एक गोष्ट विचारली नाही. आईनं मरताना विचारू नको म्हटलं होतं. आता तू मतं मागतोस, मग मला विचारायला हरकत नाही. त्या दिवशी तू होतास का?

पोस्टकार्डावर उत्तर पाठवू नकोस. आणि पोटासाठी ओवा घे.

काळजी करणारी,
हेमाताई

•

येनटोला
२६ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

होतो.

गोळी मी घातली नाही. त्या दलममध्ये येनटोल्याचा मी एकटाच होतो. कमांडरनं विचारलं, घर कोणतं. मी दाखवलं. मग मला नाल्यापाशी थांबवलं. मी तिथंच थांबलो. शरण आलो तेव्हा जबाबात हे सगळं लिहून दिलं आहे. खटल्यातून सुटलो. गावात सगळ्यांना माहीत आहे. कोणी बोलत नाही.

आता दुसरं सांगतो, तू चिडणार आहेस. वच्छलावहिनीनं चार दिवसांमागे तहसीलला जाऊन अर्ज भरला. माझ्याविरुद्ध तेवढा एकच अर्ज आहे. गावातले लोक रोज तिच्या घरी जाऊन समजावतात की माघार घे, गावाचं भलं कर, पूल होऊ दे. मी कोणाला पाठवलेलं नाही. अडवलंही नाही. त्या दोघांतला एक दुकानदार म्हणतो की सातपर्यंत ती ऐकेल. तिची म्हैस परवा कोणीतरी सोडून दिली, आज सापडली. कोणी सोडली, मला माहीत नाही.

जैनी माझ्याशी धड बोलत नाही. म्हणते, दलममध्ये निदान आठवड्याला आत्मटीका व्हायची, इथं तर तू नुसता हार मोजतोस.

काय करू ते लिही. माया कमी करू नको.

दुर्वास

•

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

माले
३१ डिसेंबर, एकादशी
(स्पीड पोस्टानं)

दुर्वास,
आशीर्वाद मागाहून. आधी ऐक.

मला तुझं पहिलं वाक्य वाचून रडू आलं आणि म्हशीचं वाचून संताप. माहीत नाही म्हणे! गावातली म्हैस कोणी सोडली हे येनटोल्यात कधी लपलं आहे का? तुला विचारायचं नाही, एवढंच खरं. तू बंदूक खाली ठेवलीस, पण ती लोकांच्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही, आणि तुला ते सोयीचं पडलं आहे. दुकानदारांच्या पोरांनी आपणहून नाही म्हटलं असं तू लिहितोस. अरे, आपणहून कोण नाही म्हणतं? सरपंच व्हायला मिळत असतं तर आमचे हैबतराव तुझ्या येनटोल्यात येऊन उभे राहिले असते.

आता मी सांगते तसं कर. सातच्या आधी वहिनीच्या घरी जा. एकटा जा. गळ्यात पंचा नको, हातात पेढे नकोत, मागं माणसं नकोत. माफी मागू नकोस. निवडणुकीआधीची माफी म्हणजे मताची मागणीच, ती नंतर माग, आयुष्य पडलं आहे. एवढंच म्हण की अर्ज मागे घेऊ नका. आणि 'मी बघतो' असं चुकूनही म्हणू नकोस, त्या घरानं तुमचं बघणं पाहिलं आहे. मग देवळाच्या मांडवात जा आणि सगळ्यांसमोर सांग की बिनविरोध नको, कोणी तिच्या घरी जायचं नाही.

हरलास तर हरलास. पूल होईल कधीतरी. बहिणीचं घर उघडं आहे, भाऊ म्हणून ये. पण तसा सरपंच होऊन आलास तर किमया हार घालणार नाही, आणि मी दार उघडीन की नाही ते मलाच सांगता येत नाही.

आज निर्जळी उपास आहे. अक्षर समजून घे.

हेमाताई

•

येनटोला
८ जानेवारी २०२६

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र पाचला मिळालं. सहाला सकाळी गेलो. घर तेच आहे, मोहाचं झाड अर्धं वाळलं आहे. वच्छलावहिनी अंगणात भांडी घासत होती. मला पाहून उठली नाही, बसही म्हणाली नाही. मी उभाच राहिलो. तू लिहिलं होतंस तेवढं बोललो.

ती घासतच राहिली. मग म्हणाली की, मी कधी मागे घेत होते? तुझ्या बोटानं माझा माणूस गेला. आता तुझ्या बोटानं मी उभी राहणार नाही आणि तुझ्या बोटानं बसणारही नाही. माझी मी उभी आहे. आणि म्हणाली की, तू मतं मागायला सगळीकडं गेलास, माझ्याकडं का आला नाहीस? दोन मतं आहेत या घरात. माझं आणि सुनेचं. मागितली असतीस तर नाही म्हणण्याचा आनंद तरी मिळाला असता.

ताई, मी तिथं मत मागितलं. ती नाही म्हणाली. सूनही आतून नाही म्हणाली.

मग मांडवात गेलो आणि सांगितलं. घर मी दाखवलं होतं, तेही सांगितलं.  दुकानदार मागाहून म्हणाला की, दादा, डोकं फिरलं का, पूल गेला ना. काल तीन वाजले, अर्ज दोनच राहिले. अठराला मतदान. कोणी उघड माझ्याबरोबर फिरत नाही, तिच्याबरोबरही नाही. लोकांना वाटतं हा माझाच काही डाव आहे, कोण कोणाकडं जातं ते मी टिपून ठेवतो आहे. हे कसं मोडायचं ते कळत नाही.

जैनी आज बोलली. म्हणाली, जेवून घे.

लोभ ठेव.

दुर्वास

•

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

माले
२७ जानेवारी

चि. दुर्वास यास आशीर्वाद.

निकाल लागून सात दिवस झाले. तुझा फोन बंद, जैनीचा बंद. काय झालं ते कळत नाही. भाऊजी म्हणतात टॉवर पडला असेल. असेल. पण मागं एकदा तू असाच न सांगता गेलास तेव्हाही घरात सगळे असंच काहीतरी म्हणत होते, आणि तेरा वर्षं गेली. रत्नाबाई रोज विचारतात, ताई, भावाचं काय कळलं का, आणि मी रोज म्हणते, कामात आहे. पुन्हा तीच थाप.

हरला असशील तर हरल्याचं लिही. फक्त जंगलाकडं पाठ आहे एवढं लिही. महाराजांपुढं दिवा लावून ठेवला आहे, तेल वाया घालवू नकोस.

वाट पाहणारी,
ताई

•

येनटोला
१ फेब्रुवारी

ती. ताईस,
दुर्वास व जैनीचा साष्टांग नमस्कार.

टॉवर खरंच पडला होता. भाऊजींना सांग, त्यांचं बरोबर. मी जंगलात नव्हतो, खळ्यावर होतो. धान चुरायचं, मळायचं राहिलं होतं, निवडणुकीपायी उघड्यावर पडून ओलं झालं. लाज वाटत होती म्हणून तालुक्याला जाऊन फोन केला नाही, हेही खरं.

हरलो. वच्छलावहिनीला दोनशे एकेचाळीस, मला एकशे अठ्ठ्याण्णव. दुकानदार म्हणाला फेरमोजणी मागू. मी म्हटलं नको. त्याला राग आला. येऊ दे. मी जैनीला विचारलं की तू कोणाला दिलंस. ती म्हणते मतदान गुप्त असतं, एवढंही शिकला नाहीस का. तेव्हापासून मी दोनशे एकेचाळीसकडं संशयानं पाहतो.

माफी मागायला अजून गेलो नाही. जाईन. ती सध्या रोज ग्रामपंचायतीत असते, तिथं चारचौघांत नको वाटतं.

एक मात्र सांगतो, त्यासाठीच आज लिहायला बसलो. मुखरूकाका तुला आठवत असेल, नाल्याकाठचा. मी शरण आल्यापासून चार वर्षं मला पाहिलं की रस्ता बदलायचा, नाही जमलं तर हात जोडून उभा राहायचा. काल मी खळ्यावर धान वाऱ्यावर वारत होतो. तो सरळ आत आला, पोत्यावर बसला आणि म्हणाला, मी तुला मत नाही देलो गा. मी म्हटलं, बरं. तो म्हणाला, माझ्या घरच्यांनीही नाही देलं. मी म्हटलं, बरं.

मग त्यानं माझ्यापुढं हात केला आणि तंबाखू मागितली. म्हणाला, चुना जरा जास्त लाव.

तुझा,
दुर्वास