हिनेकचं नाक आणि माझी तेक्ला

१२ एप्रिल, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. कारण एकच. सूड घेताना तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

घडलं ते असं. मिलादाच्या पबमध्ये, शेगडीजवळच्या आमच्या टेबलावर, मी घरी केलेल्या बिअरची बाटली उघडली. हिनेक व्होस्तातेक (शेजारी, चाळीस वर्षं माझ्या समोरच्या खुर्चीत बसतो) याने एक घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "लुबोर, आमचा कुत्रा अंघोळीनंतर अंग झटकतो, ते पाणी तू बाटलीत भरतोस होय रे?" सगळं टेबल हसलं. बेकरीवाला तर खुर्चीवरून पडायचाच बाकी होता.

मी उठलो. जाहीर केलं की हिनेक सगळ्यांसमोर माफी मागत नाही तोवर या टेबलावर बसणार नाही. आवाज छान लागला होता. बाहेर आल्यावर कळलं, टोपी आतच राहिली. परत जाणं शक्यच नव्हतं.

१३ एप्रिल
योजना तयार. ऑक्टोबरात गावच्या जत्रेला घरगुती बिअरची स्पर्धा असते. पाच वर्षं हिनेक जिंकतोय, कारण त्याच्या अंगणात हॉपचे, म्हणजे बिअरला कडवट चव देणाऱ्या बोंडांचे, बारा वेल आहेत आणि मी हॉप दुकानातून आणतो. आमच्यात फरक असेल तर तेवढाच. यंदा हॉप माझा, बिअर माझी, पहिला नंबर माझा. मग हिनेकने ती बिअर अर्धा लिटर, उभ्याने, एका दमात प्यायची आणि म्हणायचं, "मी गाढव आहे." मोठ्याने.

बायको म्हणाली, ते सगळं ठीक, पण पबच्या नियमाने हॉपच्या छाटणीपासून जत्रेपर्यंत दर शुक्रवारी रिकामी राहिलेली खुर्ची पुढच्या माणसाला जाते, मालकाचा पेला खुंटीवरून उतरतो, हे आठवतंय ना? पोस्टमन सहा वर्षं नंबर लावून बसलाय. लिबुशेला नेहमी वाईटच सुचतं. म्हटलं, मे महिन्यापर्यंत हिनेक नांगी टाकेल.

१७ एप्रिल
हिनेक छाटणी करतोय. दुपारी कुंपणावरून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला मुळाचा एक तुकडा लिबुशेच्या हातात दिला. "त्याला लावायला सांग, चांगल्या वेलाचा आहे." लाच! म्हणजे घाबरलाय. तुकडा शेडमागच्या खताच्या ढिगावर फेकून दिला.

मी नदीवर गेलो. ओहर्झेच्या काठी विलोच्या झाडांखाली रानटी हॉप वाढतो. मनगटाएवढी मुळी खणून आणली. कंबर कामातून गेली, पण वेल बघण्यासारखा. नाव ठेवलं तेक्ला, माझ्या आजीचं. आजीने मरेपर्यंत एकाही माणसाला माफ केलं नव्हतं.

३ मे
तेक्लाला कोंब फुटले. खांबावरून दोर सोडला, तीन कोंब निवडले. गावात सगळे वेल घड्याळाच्या काट्यासारखे गुंडाळतात. म्हणूनच सगळ्यांची बिअर एकसारखी लागते. मी उलटे गुंडाळले. इतक्या पिढ्यांत हे कोणालाच कसं सुचलं नाही, देव जाणे.

४ मे
तिन्ही कोंब सोडवलेले. हिनेक!!

५ मे
पुन्हा गुंडाळले. पुन्हा सोडवलेले. संध्याकाळी खांबाभोवती पाव किलो पीठ पसरलं. आता पावलं सापडतील.

६ मे
कोंब सुटलेले. पिठात फक्त मांजराची पावलं. म्हणजे तो फळी टाकून आला. वाटलं होतं त्यापेक्षा पोचलेला आहे.

लिबुशे म्हणते, हॉपचा वेल आपणहून त्याच बाजूला वळतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. आणि ते पीठ रविवारच्या केकचं होतं. बिचारी भोळी आहे.

९ मे
तेक्लाला हवं तसं वळू दिलं. यामुळे हिनेकला वाटेल आपण जिंकलो. बेसावध राहील.

७ जून, शुक्रवार
पबमध्ये पाऊल टाकलं नाही. फक्त समोरून गेलो. चारदा. चौथ्या वेळी खिडकीतून दिसलं: हिनेक माझ्या खुर्चीत! आरामात पाय पसरून. समोर त्याची स्वतःची खुर्ची रिकामी.

अंगाची लाही लाही झाली. अपमानाने पोट भरलं नाही, आता खुर्ची गिळतोय. शिक्षा वाढवली आहे. एक लिटर. आणि "गाढव" दोनदा.

२४ जून
तेक्ला खांबाच्या टोकाला पोचली. हिनेकचे वेल अजून हातभर खाली. कुंपणाजवळ उभं राहून मुद्दाम शीळ घातली. तो मान खाली घालून तण उपटत राहिला. दुसरं काय करणार?

११ जुलै
गावात सगळ्यांच्या आधी तेक्लाला फुलं! मोकळे, लोंबणारे, फिकट घोस. वारा आला की पिवळी धूळ उडते. हिनेकच्या अंगणापर्यंत जाते. लिबुशेच्या वाळत घातलेल्या चादरींवरही बसली. त्यावरून बोलणी खाल्ली. तिला काय कळणार, हा सुगंध आहे सुगंध.

दुपारी हिनेक कात्री घेऊन कुंपणाशी आला. चेहरा पांढरा. "लुबोर, अरे काप हे. आजच काप. तुझं भांडण माझ्याशी आहे ना, मग हे कशाला? अरे, हा वेल..." पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. पाण्याचा पाइप त्याच्यावर सोडला. इतका उघडा मत्सर जन्मात पाहिला नव्हता. भिजलेला हिनेक घरात जाताना पाहिला आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा भूक लागली.

१९ जुलै, शुक्रवार
पुन्हा खिडकी. पुन्हा माझ्या खुर्चीत. यावेळी झाडाआड उभं राहून नीट पाहिलं. तासभर तिथे बसतो, मग उठून स्वतःच्या खुर्चीत जातो. एका माणसाला दोन दोन खुर्च्या लागतात!

खरं सांगायचं तर घरी शुक्रवार लवकर सरत नाही.

१४ ऑगस्ट
सगळ्यांच्या वेलांना बोंडं धरली. तेक्लाची फुलं गळून गेली आणि बोंड एकही नाही. काळजीचं कारण नाही. उशिरा येणारी जात. उंची माल नेहमी उशिरा येतो.

२६ ऑगस्ट
हे लिहायचं नव्हतं.

सकाळी हॉपवाल्यांच्या संघाचा तपासनीस आला. हिनेकच्या आणि आसपासच्या चार घरांतल्या बोंडांत बिया धरल्या आहेत. बिया धरल्या की बोंड बिअरच्या कामाचं राहत नाही. अख्खी गल्ली त्याच्या मागे. तो प्रत्येक अंगणात डोकावत आमच्याकडे आला, तेक्लाच्या टोकापर्यंत मान वर केली आणि हॅट काढली. "महाशय, हा नर आहे, त्या बिया याच्याच परागांनी धरल्या. बोंडं फक्त मादीला येतात. नर दिसला की उपटायचा, हे आपल्याकडे हॉप तोडायला जाणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतात. तुम्ही कधी गेलाच नाहीत का?"

म्हटलं, त्या वर्षी मला गालगुंड झालं होतं.

आजीचं नाव घेऊन उभ्या असलेल्या त्या मिश्या फुटलेल्या ठोंब्याला सगळ्यांसमोर उपटलं. बेकरीवाला हसून हसून कुंपणावर आडवा. हसला नाही तो फक्त हिनेक. आपल्या बारा वेलांकडे बघत उभा राहिला आणि घरात गेला.

म्हणजे त्याचं पीक बुडालं. सूड पूर्ण झाला. हे सगळं मी पहिल्यापासून ठरवूनच केलं होतं.

लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं.

३० ऑगस्ट
चमत्कार! शेडमागे प्लमच्या झाडावर हॉपचा वेल. बोंडांनी लगडलेला. मी लावला नाही, पाणी घातलं नाही. दैव माझ्या बाजूने आहे.

लिबुशे म्हणाली, दैव कसलं, हिनेकने दिलेला तो तुकडा आहे. तू फेकलास, मी पाणी घातलं. म्हटलं, ढीग माझा, खत माझं, झाड माझं. बादलीभर बोंडं निघाली. यांतही बिया. चष्मा लावून, चिमट्याने एकेक काढायला बसलो. चारशेपर्यंत नेटाने काढल्या. मग ठरवलं, थोड्या बियांनी वेगळेपणा येतो.

७ सप्टेंबर
बिअर उकळली. वास घरभर. लिबुशे बहिणीकडे राहायला गेली आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार. जत्रा
क्रमाने लिहितो.

बिया धरलेल्या बोंडांची बिअर स्पर्धेत ठेवायला लाज वाटते म्हणून यंदा त्या पाच घरांतल्या नेहमीच्या स्पर्धकांपैकी कोणीच भाग घेतला नाही. हिनेकनेही नाही. स्पर्धेत बाटली एकच, माझी. मला दुसरा नंबर मिळाला. पहिला रिकामा ठेवला. मी हरकत घेतली, तर परीक्षक म्हणाले की नाइलाज होता.

मग सगळे पबमध्ये. खुर्च्यांचा निकाल. मी दारातच उभा राहिलो. म्हटलं, पेला उतरताना तरी डोळ्यांनी बघावा. पोस्टमन नवा शर्ट घालून, स्वतःचा पेला रुमालात गुंडाळून आला होता. त्याने माझ्या खुंटीकडे हात नेला, तशी मिलादा म्हणाली, "तो राहू दे. ती खुर्ची एकही शुक्रवार रिकामी नव्हती. हिनेक बसायचा ना तासभर तिथे. मी विचारलं, तुझी खुर्ची सोडून इथे का? तर म्हणायचा, लुबोरची आहे, तो येतोच आहे."

पोस्टमनने पेला पुन्हा रुमालात गुंडाळला.

हिनेकने माझी बाटली उघडली, अर्धा लिटर ओतली आणि तो ती उभ्याने, एका दमात प्यायला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मी सांगितलं नव्हतं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. लिबुशेने ही वही वाचलेली दिसते, निदान एप्रिलची पानं.

पेला खाली ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. पुढचं वाक्य त्याचं होतं. पण त्याला उचकी लागली होती आणि कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मी गाढव आहे."

हिनेक म्हणाला, "मोठ्याने बोल, बेकरीवाल्याला ऐकू आलं नाही."

पुन्हा बोललो. म्हणजे दोनदा झालं.

"तुझी टोपी खुंटीवर आहे," तो म्हणाला, "एप्रिलपासून. आणि ही बिअर पुन्हा आणू नकोस." मग माझ्या खुर्चीतून कोट उचलून समोर स्वतःच्या जागी गेला.

बसलो. खुर्ची गरम होती.