गल्लीपलीकडच्या अक्काताईंची जबानी

प्रति,
मेहेरबान दुय्यम न्यायाधीश साहेब,
दिवाणी कोर्ट, यांचे सेवेशी

अर्जदार : जयाबाई केशव हंगिरगेकर, राहणार बेळगाव, शहापूरच्या शिवेलगत

विषय : आजारी साक्षीदाराची जबानी कमिशन नेमून तिच्या अंथरुणापाशी घेण्याबाबत.

संदर्भ : दत्तकाचा दावा नं. ११८, सन १९३७. माझे परत आलेले दोन अर्ज.

महोदय,

१. माझा मुलगा शामू दत्तक झालाच नाही, असा दावा माझ्या यजमानांच्या माघारी माझे दीर मारुतीराव यांनी लावला आहे. शामूला त्याच्या आईने माझ्या ओटीत घातले, तेव्हा हजर असलेल्यांपैकी आज एकट्या अक्काताई हयात आहेत. त्यांची जबानी झाली नाही, तर माझ्या मुलाला बापाचे नाव उरणार नाही.

२. अक्काताईंचे घर माझ्या दारासमोर, गल्लीच्या पलीकडे. ती बाजू शहापूरची, म्हणजे संस्थानची. माझा उंबरा इंग्रज सरकारचा. त्यांना उठवत नाही म्हणून मी कमिशन मागितले. शेरा मिळाला : साक्षीदार परमुलखातील, दूरची, संस्थानाकडे विनंतीपत्र जाईल, तोवर थांबावे. जिल्ह्याच्या टोकाला, कणकुंबीच्या रानात कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन पोचतो. समोरच्या दारात जायला मात्र दोन सरकारांची परवानगी लागते. अक्काताईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी लांबची व्हय गं जया? तुझ्या फोडणीचा ठसका मला हितं लागतोय की!"

३. विनंतीपत्राचे उत्तर येईतो त्या टिकणार नाहीत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आपल्या घरात, हातमागाशेजारी डोळे मिटावेत एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी सोडली. "उचला मला, जयाकडं ठेवा," म्हणाल्या. गल्लीतल्या विणकरांनी त्यांना खाटेसकट माझ्या पडवीत आणले.

४. मी पुन्हा अर्ज केला. शेरा : साक्षीदार आता हद्दीत व जवळ आहे, कमिशनचे कारण उरले नाही, जातीने हजर राहावे. पलीकडे होत्या तेव्हा फार लांब, अलीकडे आल्या तर फार जवळ! मरणाला टेकलेल्या माणसाने नेमके कुठे निजावे, हे कोर्टाने एकदा लिहून द्यावे. हद्दीतल्या आजारी साक्षीदाराकडे कमिशन पाठवण्याचा अधिकार दिवाणी कायद्याने आपणांस दिलेला आहे. तो वापरायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे.

५. मारुतीराव हल्ली रोज अक्काताईंच्या प्रकृतीची चौकशी करायला येतात. पूर्वी कधी आले नव्हते. काल त्या त्यांना म्हणाल्या, "घाई करू नगा आप्पा. जीभ अजून हलतीया माझी." आज सकाळपासून ती जड झाली आहे. शब्द तुटतात, पण कळतात. शामूला ओळखतात.

तरी कमिशनर उद्याच धाडावा. मारुतीरावांच्या वकिलांनीही उलटतपासणीस यावे. माझी हरकत नाही. तारीख पुढे ढकलणे कोर्टाच्या हाती आहे, अक्काताईंच्या नाही.

आपल्या हुकुमाकडे डोळे लावून बसलेली,
जयाबाई केशव हंगिरगेकर
ता. १४ जुलै १९३८

सोबत :
१. डॉक्टरांचा दाखला.
२. परत आलेले दोन्ही अर्ज, शेऱ्यांसह.
३. साक्षीदार सोबत जोडता येत नाही. ती माझ्या पडवीत आहे. कोर्टाच्या हद्दीत, आणि हे लिहिते आहे तोवर जिवंत.