वेणूच्या नावापुढचा रकाना

अहो,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहिते. तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली, आणि एवढ्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. कागद वाया घालवायचा माझा स्वभाव नाही, ठाऊकच आहे तुम्हाला. हाही तुमच्याच दप्तरातला, एका बाजूने कोरा राहिलेला. आज लिहायला बसले, कारण कालपासून वेणू मला एक प्रश्न विचारते आहे आणि त्याचं उत्तर तुमच्यापाशी होतं.

काल सकाळी माणसं मोजणारे आले. दहा वर्षांपूर्वी हे काम गावचे पटवारी म्हणून तुम्ही केलं होतं. दारावर गेरूने आकडा टाकायचा, मग घरात माणसं किती, नावं काय, वयं काय, लिहिता-वाचता येतं का. आणि सगळ्यात शेवटचा रकाना: कोणी आंधळं, मुकं-बहिरं, वेडं, महारोगी आहे का?

आपली वेणू तेव्हा पाच वर्षांची. घराचा कागद तुम्ही ओसरीवर बसून भरलात आणि मी दाराआडून पाहत होते. वेणूच्या नावापुढे तो रकाना तुम्ही मोकळा सोडलात. बांधावरची बाभळसुद्धा वहीत टिपणारे तुम्ही! लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मग बापाला लिहायला लाज का वाटावी?

मी म्हणाले, "लोकांच्या घरात जाऊन मुकं कोण, आंधळं कोण विचारता. मग आपल्याच दारी का हात थांबला?"

"शाई ओली आहे, हात लावू नकोस," एवढंच म्हणालात तुम्ही.

ते माझ्या मनात रुतून बसलं. तुम्हाला लेकीची लाज वाटते, असं मी धरून चालले. मग जे जे घडलं ते मी त्याच खुंटीला टांगत गेले.

परळीला वैजनाथाला गेलो होतो, आठवतं? माझे सोळा सोमवार पुरे झाले होते. देव वैद्यांचा राजा, त्याच्यापुढे तरी सगळं उघड मांडावं, असं मला वाटत होतं. गुरवाने विचारलं, "कोण आजारी हाय? कशाचा नवस?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "आजारी कोणी नाही. लेक दाखवायला आणलीय देवाला." परतताना अख्खी वाट मी गाडीत तुमच्याकडे पाठ करून बसले होते. देवापासूनही लपवता, असंच वाटलं मला.

पण प्रश्नांनी आपण दोघंही थकलो होतो, हे आता कळतं. पाणवठ्यावर पाय ठेवला की सुरू. "बोलत कावून न्हाई वो पोरगी?" "पोटुशी व्हता तवा गिरानात काई चिरलंतं का तुमी?" एकदा पाटलीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आई मॅट्रिक झालेली. समदी बोली आईनंच खाल्ली, लेकीला काय उरलं?" बायका हसल्या. मी घागर अर्धी भरूनच घरी आले आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही जेवत होतात. घास खाली ठेवून म्हणालात, "मग खाल्लेली थोडी परत दे की तिला."

तुम्हीही टोमणा मारलात, म्हणून मी त्या दिवशी जेवले नाही.

गल्लीतल्या बायकांची माहेरची पत्रं मी वाचून द्यायचे, त्यांची उत्तरं लिहायचे. आणि स्वतःच्या लेकीपुढे पाटी ठेवावी, हे मला सुचलं नाही. ऐकू येत नाही ती शिकणार कशी, असं मीच ठरवून टाकलं होतं. नवस करत राहिले, उपास करत राहिले.

तुम्ही काकडआरती म्हणताना तिचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायचात. ती डोळे मिटून हसायची. तापात तुम्ही गेलात त्या सकाळीही तिने तुमच्या गळ्यावर हात ठेवला आणि किती वेळ ठेवूनच होती. कोणी काढला तर पुन्हा ठेवायची. शेवटी मी काढला.

त्यानंतरच्या दिवाळीत तुमचं ते बोलणं एकाएकी आठवलं, परत दे की तिला. तो टोमणा नव्हता ना हो? मी माझी घरखर्चाची वही तिच्यापुढे उघडली. 'मीठ' या शब्दावर चिमूटभर मीठ ठेवलं, 'तूर' या शब्दावर तुरीचे चार दाणे. महिनाभर ती नुसती बघत होती. एका दुपारी चुलीपाशी होते तर मागून पदर ओढला. पाहते तो वहीतल्या 'तेल' या शब्दावर तिने तेलाचं बोट ठेवलं होतं. वही खराब झाली. रागवायचं सोडून मी तिथेच बसून रडले. तुम्हाला दाखवायला हवं होतं, आणि तुम्ही नव्हता.

वस्तूंचे शब्द सोपे. 'का' हा शब्द शिकवायला मला दोन वर्षं लागली, तो कुठल्या डब्यातून काढून दाखवू? पण गेल्या वर्षी एकदाचा समजला, आणि तेव्हापासून पाटीवर तोच असतो.

तर काल. मोजणीला शाळेचे नवे मास्तर आले होते, आणि गेरूचं मडकं घेऊन, मागल्या मोजणीत तुमच्याबरोबर घरोघर फिरलेले महेबूबभाई, आता पार वाकलेले. वेणूचं नाव, वय सांगितलं. लिहिता-वाचता येतं, असंही सांगितलं. मग शेवटचा रकाना. दहा वर्षं मी म्हणत आले होते की मी असते तर खरं लिहिलं असतं. आणि वेणू समोर उभी राहून माझं तोंड निरखत होती तेव्हा माझी जीभ उचलेना.

महेबूबभाईच बोलले, "मास्तर, मागल्या बारीला ह्यो रकाना मोकळाच व्हता. समद्या गावाचा."

"साऱ्या गावाचा?" मी विचारलं.

"तुमाला ठावं न्हाई, वैनीसाब? राही कुंभारणीच्या घरी आपल्या पटवारी आबासाबांनी ह्योच सवाल केला. तिनं आंधळ्या लेकीला कणगीमागं दडवलं आन म्हनली, कोणी न्हाई. तर पोर आतनं वरडली, आये, मी हितं हाय की. आबासाबांनी टाक खाली ठिवला. म्हनले, राहीबाई, कोणी न्हाई असंच लिव्हतो, पर लेकीला भाईर घ्या. मंग फुडं कुनालाच इचारलं न्हाई. मागचं लिव्हल्यालं बी खोडलं. समद्यात शेवटी तुमचं घर."

"मला बोलले नाहीत कधी."

"मी म्हनलं, वरचा गिरदावर सायेब तपासाया आला तर खवळंल. तर म्हनले, खवळू दे, त्याच्या घरी वेणू न्हाई. आन घरी सांगू नको म्हनले. वैनी लई खऱ्याची हाय, खोटं लिव्हलं म्हनून जेवायची न्हाई."

त्या गिरदावराने तुम्हाला बीडला बोलावून दिवसभर उन्हात उभं केलं होतं. आपल्या एका रकान्यासाठीच ते, असं समजून रात्री तुमच्या पायांना तेल चोळताना मी म्हणाले होते, "खोटं लिहिलं की असंच होतं." तुम्ही पाय मागे घेतला नाहीत, उलट उत्तरही दिलं नाहीत. का हो? एकदा तरी सांगायचं होतंत!

मी मास्तरांना म्हणाले, "लिहा. मुकी-बहिरी."

ते म्हणाले, "मग बाई, लिहिता-वाचता येतं हे खोडावं लागेल."

"खोडू नका. तिलाच विचारा."

त्यांनी पाटीवर लिहिलं, तुझे नाव काय? वेणूने नाव लिहिलं. आणि खाली, कोणी न सांगता: तू काय लिहिले?

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षं मी सगळ्या जगाला उत्तरं दिली, पण 'मुकी-बहिरी' हा शब्द तिला कोणी सांगितला नव्हता. मीही नाही. पाटी घेतली आणि लिहिला. तिने वाचला. 'तेल' या शब्दावर तेलाचं बोट ठेवलं होतं ना, तसंच या शब्दावर बोट ठेवून तिने दुसरा हात आधी कानावर आणि मग ओठांवर ठेवला. मला खूण करून विचारलं, हेच ना? मी मान हलवली. रडली नाही ती.

संध्याकाळी पाटीवर सांगितलं की बाबांनी हा रकाना मोकळा ठेवला होता. तिने लिहिलं, का?

पाटीवर ते मावेना. मी लिहिलं, उद्या.

हे पत्र तुळशीपाशी जाळावं म्हणजे तुम्हाला पोचेल, असं मनात धरून बसले होते. आता जाळणार नाही. आज दिवेलागणीआधी वेणूच्या हातात देईन. अडेल त्या शब्दावर ती बोट ठेवील, मी शेजारी बसेन. आणि तुम्हाला वचन देते, यापुढे तिच्याबद्दल कोणी काही विचारलं तर तिच्या पाठीमागे उत्तर देणार नाही. तिला समोर बसवून, पाटीवर लिहून देईन.

मी तुम्हाला लेकीची लाज वाटणारा बाप समजत राहिले, तेही तिला यातच वाचू दे.

तुमची,
वेणूची आई